खोपा कुणी विणला?

कवितेतलं रान : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेतले रंग शोधले. आज बहिणाबाई चौधरींची ‘खोपा’ घेऊ. पाठ्यपुस्तकामुळे ही कविता कितीतरी घरांत आईलाही पाठ असते आणि मुलालाही. पण आज ती वाचायची आहे सुगरणीचं खरं घरटं हातात घेऊन.

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या एका वर्गात मी असं घरटं नेलं होतं. पक्ष्यांचा विणीचा हंगाम संपून गेला होता आणि ते विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेलं होतं. मुलांना म्हटलं, यातला एक धागा न तोडता सोडवून दाखवा. आधी बोटं लागली, मग कंपासपेटीतलं कर्कटक आलं. धागा एकाच्या वरून जायचा, दुसऱ्याच्या खालून निघायचा, मध्येच फास घेऊन पुन्हा आत शिरायचा. पंधरा मिनिटांनी एका मुलीने वीतभर धागा अखंड काढला आणि हळूच विचारलं, “सर, हे सगळं नुसत्या चोचीने?”

‘खोपा’ ही कविता जन्मली ती याच आश्चर्यातून. पाखराजवळ चोचीशिवाय दुसरं हत्यार नाही, हे बहिणाबाईंनी पाहिलं आणि मग त्या माणसाच्या दोन हातांकडे वळल्या. त्या मुलीला कवितेचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही. तो तिच्या बोटांना आधीच कळला होता.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, घरात जात्यावर बसल्यावर त्यांना ओव्या सुचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि आप्तांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. म्हणजे ही कविता कागदावर आली ती फार उशिरा. त्याआधी ती डोळ्यांत होती, तोंडी होती. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, तिने झाड, पाखरू, पेरणी आणि मळणी वाचली होती.

आता घरट्याकडे पुन्हा पाहू. सुगरण पक्षी गवताच्या किंवा भाताच्या लांब पात्याला कडेशी चोचीने खाच पाडतो, ती कड पकडून उडतो आणि उडता उडता पात्याची बारीक पट्टी सोलून निघते. एक पट्टी साधारण २० ते ६० सेंटिमीटरची. एका घरट्यासाठी अशा जवळजवळ ५०० फेऱ्या होतात. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, त्यावर टोपीसारखा घुमट आणि शेवटी खाली लोंबणारी नळी, जिच्यातून आत शिरायचं. सगळं मिळून १८ दिवसांच्या आसपासचं काम. जागाही विचार करून निवडलेली असते : काटेरी बाभूळ किंवा शिंदी, आणि खाली पाणी असेल तर उत्तमच, म्हणजे सापाला पोचणं अवघड. घुमटात आतून ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात. त्यांत काजवे खोचून पाखरू रात्री दिवा लावतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. समजूत गोड आहे, पण वर्गातल्या त्या घरट्यात मुलांना फक्त माती सापडली.

मग मागच्या बाकावरून एका मुलाचा प्रश्न आला. विज्ञानाच्या तासाला त्याने ऐकलं होतं की हे घरटं नर बांधतो. कवितेत तर सुगरण आई आहे. “मग बहिणाबाई चुकल्या का?”

मला त्या दिवशी मिळालेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. खरंच, विणकर नर असतो. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली याच पाखरांवर दिवसचे दिवस नजर ठेवून बसले होते. जर्मनीहून शिकून आले होते, हाती नोकरी नव्हती, पण झाड समोर होतं. त्यांनी नोंदवलं ते असं : नर अर्धवट घरटी विणतात, माद्या येऊन तपासतात, पसंत पडलं तर मादी तिथे राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की हा दुसरं घरटं सुरू करतो. नापसंत घरटी तशीच अर्धी लोंबत राहतात.

आणि बहिणाबाई? पाखराचं नावच मराठीत ‘सुगरण’, स्त्रीलिंगी. ते नाव भाषेने आधीच देऊन ठेवलं होतं. शिवाय बहिणाबाईंना त्या खोप्यात दिसली पिलांसाठीची माया, झुलता आधार आणि इवल्या चोचीची कारागिरी. यातलं काहीच खोटं नाही. सालिम अलींनी विचारलं, हे कोण करतं आणि कसं. बहिणाबाईंनी विचारलं, हे पाहून मी काय करू. दोघांनाही झाडाखाली थांबावं मात्र लागलं.

निसर्गकविता विद्यार्थ्याच्या आयुष्यात काय करते, असं मला पालक विचारतात. माझं उत्तर एवढंच : ती थांबून पाहायला लावते. रसग्रहणाच्या उत्तरात आपण कवीचं नाव, मध्यवर्ती कल्पना, अलंकार आणि संदेश लिहितो, गुणही मिळतात. पण कष्टाचं महत्त्व सांगणारी कविता, असं एक वाक्य लिहून आपण खोपा मिटवून टाकतो. ज्याने एक धागा सोडवून पाहिला आहे त्याला कष्ट हा शब्द लिहावा लागत नाही. तो फास, खाच, नळी असे शब्द लिहितो. त्याची भाषा भरते, आणि त्याच डोळ्यांनी तो उद्या गणिताची आकृती किंवा आजारी माणसाचा चेहराही नीट पाहतो.

या आठवड्याचा गृहपाठ : जवळच्या विहिरीवर, तळ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर सुगरणीची घरटी शोधा. लांबूनच पाहा, वसती असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही, घ्यायचं ते खाली पडलेलंच. किती पूर्ण, किती अर्धी, झाडाच्या कोणत्या बाजूला, ते वहीत लिहा. पुष्कळदा ती पूर्वेकडे आढळतात, नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला. तुमच्या झाडावर तसं आहे का, ते तपासा. आणि मग घरी येऊन ‘खोपा’ मोठ्याने वाचा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने सोडवलेला धागा फेकला नाही. तिने तो पुस्तकात, त्याच कवितेच्या पानावर ठेवला.

(पुढील आठवड्यात : पळसखेडचा शेतकरी कवी, ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’)