चालू खाते : चौकशी कोणाची, सुटका कोणाची?

बँकेत बचत खाते उघडणे आता पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. आधार आणि पॅन यांचे क्रमांक दिले, की बहुतेक ठिकाणी काम भागते. परंतु एखादे शिक्षक निवृत्तीनंतर पुस्तकांचे लहानसे दुकान काढतात, किंवा एखादी गृहिणी मसाल्यांचा उद्योग सुरू करून त्याच्या नावाने चालू खाते मागावयास जाते, तेव्हा त्याच बँकेचा सूर बदललेला आढळतो. धंद्याचे दोन-दोन पुरावे मागितले जातात, अन्य बँकांतील कर्जांविषयी लेखी निवेदन घेतले जाते, आणि पुष्कळदा पतमाहिती कंपनीकडील अहवालही पाहिला जातो. पैसे आपण ठेवणार, कर्ज आपण मागत नाही, ठेवीवर व्याजही आपल्याला मिळणार नाही. मग आपली पत तपासण्याचे बँकेला कारण काय, असा प्रश्न अशा वेळी सामान्य माणसाला पडतो. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर तितके साधे नाही.

चालू खाते हे बचतीचे साधन नव्हे. ते व्यापाराचे साधन आहे. त्यात दिवसातून कितीही वेळा पैसे भरता-काढता येतात, पेढीच्या नावाने आलेले धनादेश वटविता येतात आणि पुढे-मागे ओव्हरड्राफ्टची सवलतही त्यालाच जोडली जाते. म्हणजे या खात्यातून केवळ खातेदाराचा नव्हे, तर इतरांचाही पैसा मोठ्या प्रमाणावर वाहत असतो. तो पैसा भलत्याच माणसाच्या हाती गेला, तर त्याची झळ तिऱ्हाइताला लागते. म्हणूनच १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या १३१ व्या कलमाने धनादेश वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण दिले आहे खरे, परंतु बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच ते मिळते.

हा निष्काळजीपणा खाते उघडण्याच्या वेळेपासूनच मोजला जातो. इंग्लंडमध्ये १९१४ साली गाजलेल्या ‘लॅडब्रोक विरुद्ध टॉड’ या खटल्यात एका चोराने टपालपेटीतून धनादेश चोरला, ज्याच्या नावाचा तो होता तो मीच असे सांगून नवे खाते उघडले आणि पैसे घेऊन तो पसार झाला. नवख्या माणसाची कसलीही चौकशी न करता खाते उघडणे हा निष्काळजीपणाच होय, असे न्यायालयाने ठरविले आणि नुकसान बँकेच्या माथी आले. भारतातील बँकव्यवहाराच्या पाठ्यपुस्तकांतून हा खटला विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या शिकत आल्या आहेत.

ओळखीच्या सहीचा काळ

या धड्यातून जी पद्धत रूढ झाली, ती ‘ओळख देणाऱ्या’ची. नव्या ग्राहकाच्या अर्जावर जुन्या खातेदाराने सही करावयाची. बँकेने दोघांनाही आभाराची पत्रे धाडावयाची. आभाराचे पत्र हा केवळ शिष्टाचार नव्हता. नव्या ग्राहकाचे पत्र परत आले तर पत्ता खोटा, आणि जुन्या खातेदाराने ‘मी अशी सही केलीच नाही’ असे कळविले तर ओळख खोटी, हे त्यातून उघडकीस येई. व्यापाऱ्याच्या बाबतीत शाखाधिकारी बाजारात चार ठिकाणी विचारपूस करी, अन्य बँकेकडून गोपनीय अभिप्रायही मागवी. माणसाचा व्यवहार पेठेला ठाऊक असे, आणि पेठेचे मत बँकेला कळे.

मात्र या पद्धतीचा गौरव करताना तिचा दोषही विसरता कामा नये. ज्याला पेठेत कोणी ओळखत नाही, त्याला बँकेचे दार बंदच असे. परगावाहून आलेला मजूर, नव्याने धंद्यात पडलेली स्त्री, ज्या समाजात पूर्वी कोणी व्यापार केला नाही त्यातील तरुण, यांना ओळख कोणी द्यावी? ऑगस्ट २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ या तत्त्वाचे नियम घालून दिले, १ जुलै २००५ पासून अवैध संपत्तीविरोधी कायदा अमलात आला आणि कागदपत्रांवर आधारलेली तपासणी स्थिर झाली. खाते उघडण्यास जुन्या खातेदाराची ओळख आवश्यक नाही, हे रिझर्व्ह बँकेने पुढे स्पष्ट केले. हा बदल न्यायाच्या दिशेने होता, यात शंका नाही.

दुसऱ्या बँकेचे देणे

परंतु कागदांनी माणूस कोण आहे एवढेच कळते. त्याचे अन्यत्र देणे किती, हे त्यांतून कळत नाही; आणि चालू खात्याचा खरा धोका येथेच आहे. समजा, एका कारखानदाराने पहिल्या बँकेकडून मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट घेतले. माल विकला गेला की आलेली रक्कम त्याच खात्यात जमा व्हावी, ही अपेक्षा असते. त्याने दुसऱ्या बँकेत गुपचूप चालू खाते उघडून वसुली तिकडे वळविली, तर पहिल्या बँकेचे तारण हळूहळू पोकळ होते आणि तिला त्याचा सुगावाही लागत नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक जुनी अडचण उभी राहते. नवे चालू खाते म्हणजे दुसऱ्या बँकेला बिनव्याजी ठेव. शाखेला ठरवून दिलेले ठेवींचे उद्दिष्ट त्यामुळे पुरे होते. फायदा तिचा; बुडीत कर्जाचा भार मात्र पहिल्या बँकेचा, म्हणजे अखेर तिच्या ठेवीदारांचा आणि भागधारकांचा. ज्याने चौकशी करावयाची त्यालाच चौकशी न करण्यात लाभ असेल, तर ती मनापासून कशी होणार?

कर्ज देणाऱ्या बँकेचा ना-हरकत दाखला घेतल्यावाचून चालू खाते उघडू नये, असे रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे बजावत होती. पण जुन्या बँकेचे उत्तर किमान पंधरवडाभर न आल्यास नव्या बँकेला खाते उघडण्याची मुभाही त्याच सूचनांत होती. म्हणजे मौन हीच संमती ठरत असे, आणि सरकारी वा खासगी कोणत्याही कार्यालयात पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत न येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात तर बँकांच्याच नावाने काढलेल्या धनादेशांची रक्कम दलालाच्या खात्यात जमा झाली. त्या दलालाची बाजारात पत नव्हती असे कोण म्हणेल? उलट, पत होती म्हणूनच त्याला कोणी विचारले नाही.

२०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटी रुपये आणि त्यावरील कर्जांच्या माहितीचे मध्यवर्ती भांडार सुरू केले. आता पत्राच्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मोठ्या कर्जदाराची माहिती बँकेला थेट पाहता येऊ लागली. ६ ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने तर पुढचे पाऊल टाकले. ज्या ग्राहकाला बँकांकडून कॅश क्रेडिट वा ओव्हरड्राफ्ट आहे, त्याचे चालू खाते उघडूच नये, असा दंडक घालण्यात आला. हेतू निःसंशय योग्य होता. पण अंमलबजावणीत सुक्याबरोबर ओलेही जळू लागले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अनेक लहान व्यावसायिकांची खाती गोठविली गेल्याच्या तक्रारी आल्या. रिझर्व्ह बँकेला मुदत वाढवावी लागली, आणि २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, बँकांचे एकूण कर्ज पाच कोटींहून कमी असलेल्या कर्जदारांना, कर्ज त्या मर्यादेपर्यंत गेल्यास कळविण्याच्या हमीवर, या निर्बंधांतून मोकळे करावे लागले. त्यानंतरही या नियमांत फेरफार होत आले आहेत. मोठ्या माशांसाठी विणलेल्या जाळ्यात प्रथम लहान मासळी अडकली, हे मात्र या प्रकरणात स्पष्ट दिसले.

आकडा आणि माणूस

लहान अर्जदाराच्या बाबतीत भांडाराऐवजी पतमाहिती कंपन्यांचा अहवाल पाहिला जातो. ‘सिबिल’ ही अशी पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली; २००५ च्या कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली, आणि आज अशा चार कंपन्या काम करतात. कोणी कोणते कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद ठेवून त्या तीनशे ते नऊशे यांमधील एक गुणांक देतात. कर्ज देताना या माहितीचा उपयोग मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कर्जासाठी बनविलेले माप ठेवीच्या खात्याला लावले, की घोटाळा होतो.

नोकरदार वर्गाला जवळचे उदाहरण जामीनकीचे. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे हा आपल्याकडे स्नेहाचा भाग मानला जातो. सही करताना कोणी कागद वाचीत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बँकेच्या कर्जाला दिलेली जामीनकी जामीनदाराच्या पतअहवालातही येऊ शकते. ऋणकोने हप्ते थकविले, तर ज्याने आयुष्यात स्वतःसाठी एक रुपयाही बुडविला नाही, त्याच्या अहवालावर डाग दिसतो. विसरलेल्या क्रेडिट कार्डाची किरकोळ थकबाकी, फेडलेले पण ‘बंद’ म्हणून न नोंदलेले कर्ज, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच्या खात्यावरून चिकटलेली नोंद, हे सारे त्याच एका आकड्यात मिसळून जाते. आकडा खोटे बोलत नाही, पण तो कशाविषयी बोलतो आहे हे विचारणारा माणूस खिडकीपलीकडे असावा लागतो.

याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. अलीकडे सायबर भामट्यांनी लुटलेला पैसा फिरविण्यासाठी भाडोत्री खात्यांचा सर्रास वापर होतो, आणि त्यांत नामधारी पेढ्यांची चालू खातीही असतात. असे खाते पुष्कळदा एखाद्या गरजू तरुणाच्या नावाने उघडलेले असते. त्याने कधी कर्जच घेतलेले नसते. साहजिकच त्याच्या अहवालावर डागही नसतो. कागद सारे खरे, दुकान मात्र जागेवर नाही! पतअहवाल या ठिकाणी काहीच सांगू शकत नाही. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ ही यंत्रणा तयार केल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. याचा अर्थ एवढाच, की खाते उघडतानाची चौकशी कितीही कडक केली तरी ती पुरेशी नाही. खाते उघडल्यावर त्यात काय घडते यावर नजर हवी.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

वस्तुतः बँकेपुढे तीन निरनिराळे प्रश्न असतात. अर्जदार म्हणतो तोच तो आहे काय? त्याचा धंदा खरोखर अस्तित्वात आहे काय? आणि अन्य बँकेला फसविण्यासाठी हे खाते वापरले जाईल काय? पहिल्याचे उत्तर ओळखपत्रे देतात. दुसऱ्याचे उत्तर दुकानात जाऊन पाहिल्यावाचून मिळत नाही. तिसऱ्यासाठी कर्जाची माहिती लागते, पण ती कर्ज आहे की नाही आणि ते कोठे आहे, एवढ्यापुरती. गुणांक किती, हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. कर्ज न मागणाऱ्याला केवळ गुणांक कमी म्हणून खाते नाकारणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच.

नियमांत तारतम्याला जागा नाही, असेही नाही. एकल मालकीच्या धंद्यासाठी दोन पुरावे मागावेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. पण दोन मिळणे शक्य नाही अशी खात्री पटल्यास प्रत्यक्ष पत्त्यावर जाऊन पडताळणी करून एकावरही खाते उघडता येते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी घ्यावी लागत नाही, केवळ सूचना देऊन पावती मिळते. अशा दुकानदाराकडे कागद कमी असणे हा त्याचा दोष नव्हे. तेव्हा शाखाधिकाऱ्याने खुर्ची सोडून पेठेत जावे, हीच नियमाची अपेक्षा आहे. मात्र माणसांची संख्या घटली आणि उद्दिष्टांची वाढली, की पेठेत जाण्याची सवड कोणाला उरत नाही. नकार देणे हे पडताळणीपेक्षा स्वस्त पडते, आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

ग्राहकाच्या हातीही काही साधने आहेत. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. चूक आढळल्यास ती तीस दिवसांत निकालात निघाली पाहिजे. विलंब झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते. धंदा सुरू करण्याआधी, आणि कोणाला जामीन राहण्याआधी तर निश्चितच, या गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे.

तथापि, सारा भार ग्राहकाच्या जागरूकतेवर टाकून चालणार नाही. खाते नाकारल्यास कोणत्या कारणाने नाकारले हे बँकेने लेखी कळविले पाहिजे, एवढा एक दंडक झाला तरी निम्मी मनमानी थांबेल. कारण लिहावे लागले, की ते आधी शोधावे लागते. पाच-पन्नास हजारांच्या उलाढालीसाठी दुकानदाराला तीन फेऱ्या मारावयास लावणारी दक्षता आणि कोट्यवधींची वसुली अन्यत्र वळत असता पंधरवडाभर मौन पाळणारी बेफिकिरी, ही दोन्ही एकाच व्यवस्थेत नांदली आहेत. चौकशी हवीच, पण ती धोक्याच्या प्रमाणात हवी, अर्जदाराच्या दुबळेपणाच्या प्रमाणात नव्हे.