मुर्नाऊचं ‘रशियन घर’

म्युनिकहून आल्प्सच्या दिशेने निघालं की तासाभरात मुर्नाऊ येतं. एका बाजूला श्टाफेलझे तलाव, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर पाणथळ जमीन. गाव टुमदार आहे, जरा जास्तच नीटनेटकं. कलाप्रेमी मात्र थेट चढावरच्या एका घराकडे वळतात. गाब्रिएले म्युंटर या चित्रकर्तीने ते १९०९ मध्ये विकत घेतलं. तिच्यासोबत रशियन चित्रकार कान्दिन्स्की राहायचा, त्याचे रशियन मित्र यायचे. म्हणून गावाने घराला नाव दिलं ‘रशियनांचं घर’. मालकीण बर्लिनमध्ये जन्मलेली जर्मन, हे कोण लक्षात घेतो!

कान्दिन्स्की, त्याचा नि त्याच्या साथीदारांचा ‘ब्लाऊए राइटर’ गट, अमूर्त चित्रकलेचा उदय हे सगळं पुस्तकांत सापडतं. मी रेंगाळले ते हाइनरिष राम्बोल्डपाशी. काचेच्या मागच्या बाजूने देवादिकांची चित्रं रंगवण्याची इकडची जुनी कला त्याच्या हातात होती. म्युंटर त्याच्याकडून ती शिकली. या चित्रकार मंडळींत या कलेला पहिला हात तिनेच घातला.

इथे सगळा क्रम उलटा. आधी काळी रेघ आणि डोळ्यातला पांढरा ठिपका, मग गाल, मग झगा, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. संताच्या उजव्या हातात काठी हवी तर रंगवताना ती त्याच्या डाव्या हातात द्यायची. एकावर एक रंग चढले की खालचा ठिपका सुधारता येत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचचित्रं पाहिलेल्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. म्युंटरच्या कॅनव्हासवरचे डोंगर आणि घरंही अशीच आहेत: जाड काळ्या रेघेत कोंडलेले सपाट, धीट रंग. गर्दी मात्र होते ती कान्दिन्स्कीने रंगवलेला घरातला जिना बघायला. कठड्याच्या बाजूने फुलं आणि घोडेस्वार वर चढत जातात. गोड आहे, नाही म्हणत नाही.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं, कान्दिन्स्कीला जर्मनी सोडावी लागली. १९१६ ला स्टॉकहोममध्ये दोघं शेवटचे भेटले. पुढच्याच वर्षी त्याने मॉस्कोत दुसरीशी लग्न केलं. त्याची मागे राहिलेली चित्रं मात्र म्युंटरने टाकली नाहीत. नाझी राजवट आधुनिक कलेवर उठली, तेव्हा तिने ती या घराच्या तळघरात लपवली. १९५७ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या चित्रांसकट तो सगळा ठेवा तिने म्युनिकच्या लेनबाखहाउसला देऊन टाकला. एका रात्रीत ते संग्रहालय जगाच्या नकाशावर आलं. पाच वर्षांनी ती मुर्नाऊतच वारली.

गावातल्या एका दुकानात पोस्टकार्डं चाळली. दर्शनी फळीवर सगळा कान्दिन्स्की. म्युंटरची आहेत का, विचारलं. बाईंनी खालच्या खणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘ती तर इथलीच ना!’’