विनंतीचे इंग्रजी

आपली मुले इंग्रजी व्याकरणशुद्ध बोलतात, तरी त्यांचे मागणे पुष्कळदा उद्धट वाटते. हा दोष संस्कारांचा नव्हे. दोन भाषांच्या घडणीतील अंतराचा आहे, असे आम्हांस वाटते. मराठीत आदर क्रियापदातच असतो: दे, द्या, द्यावे, द्याल का. इंग्रजीतही एके काळी सलगीचा ‘दाऊ’ आणि आदराचा ‘यू’ असा भेद होता. 17व्या शतकात ‘दाऊ’ प्रमाणभाषेतून मागे पडला. आज आज्ञेसाठी ‘गिव्ह’ हे एकच रूप आहे. त्यामुळे ‘पुस्तक द्या’चे ‘गिव्ह मी द बुक’ करताना आदर वाटेतच गळतो. ‘प्लीज’ जोडले तरी ती सौम्य आज्ञाच राहते. म्हणून इंग्रजी विनंती प्रश्नाचे रूप घेते: ‘कुड यू गिव्ह मी द बुक, प्लीज?’ ‘कुड’ हे भूतकाळी रूप येथे काळ दाखवीत नाही. ऐकणाऱ्यास नकाराची मोकळीक देते. ‘वुड यू माइंड’ म्हणजे ‘आपली हरकत आहे का?’, त्याला ‘नो’ हाच होकार. घरी ‘द्याल का’ म्हणण्याची सवय असलेल्या मुलास यात परके काही वाटू नये. तेव्हा इंग्रजीच्या शिष्टाचाराचा पहिला धडा आपल्या मराठीतच द्यावा.