तेजोमेघ जातो कुठे?

या आठवड्यात स्टॅकिंग घ्यायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न त्याआधी यायला हवा. त्यांनी 850 नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर लावून मृगातला एम 42 टिपला. तारे भरपूर आले, तेजोमेघ मात्र पार फिका पडला. फिल्टर सदोष असेल का, असं ते विचारतात.

फिल्टर ठणठणीत आहे! एम 42चा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनच्या 656 नॅनोमीटरच्या रेषेचा, आणि ती रेषा हा फिल्टर अडवतो. पुढे 907 आणि 953वर आयनीभूत गंधकाच्या चांगल्या ठळक रेषा आहेत, पण तिथे सेन्सरची संवेदनक्षमता झपाट्याने घसरत असते. 1100च्या आसपास सिलिकॉनला काहीच दिसत नाही. वायूची चमक अशी हातची जाते. मग अवरक्ताच्या मागे लागायचं कशाला? धुळीसाठी. दृश्य प्रकाशात धूळ एखाद्या ताऱ्याला 4 प्रतींनी, म्हणजे चाळीसपट, मंद करत असेल, तर 850ला तीच धूळ त्याला साधारण 2 प्रतींनी, सहापटच मंद करते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: एम 42 सोडा आणि त्रिकांडातल्या अल्निटाकशेजारच्या एनजीसी 2024कडे, म्हणजे फ्लेम नेब्युलाकडे वळा. त्याच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा आहे. नेहमीच्या फोटोत तो जवळजवळ रिकामा दिसतो, अवरक्तात तिथे तारे उगवू लागतात. अल्निटाक स्वतः निळसर असल्यामुळे त्याचा त्रासदायक झगमगाटही थोडा उतरतो. हा तेजोमेघ पेटवतो कोण, याचा शोध बराच काळ चालला होता. 2003मध्ये संशोधकांनी त्या पट्ट्यामागच्या आयआरएस 2बी या ताऱ्याकडे बोट दाखवलं. तो आपल्या हाती लागायचा नाही. त्याला 2 मायक्रॉनच्या आसपास पाहणारा डिटेक्टर लागतो. पण त्याच समूहातले धुळीत कमी बुडालेले तारे आपल्या सहा-आठ इंची दुर्बिणीलाही सापडतात.

रंगीत कॅमेरा असेल तरी बिचकू नका. सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच नसली म्हणजे झालं. पिक्सेलवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर 850च्या पुढे जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात, त्यामुळे कॅमेरा कृष्णधवल असल्यासारखाच वागतो. भिंगाच्या दुर्बिणीत फिल्टर चढवल्यावर फोकस मात्र नव्याने करा. अवरक्ताचा फोकस सरकलेला असतो. आरशाच्या दुर्बिणीत हा प्रश्न येत नाही, म्हणून या कामाला मला न्यूटोनियनच आवडते.

आकाशाचं म्हणाल, तर चांदण्या रात्रीही बसा. हवेत विखुरणारं चांदणं निळ्यापेक्षा अवरक्तात कितीतरी कमी असतं. पांढऱ्या एलईडीचा उजेडही 750च्या पुढे नगण्य. जुन्या सोडियम दिव्यांचा मात्र 819जवळ चांगलाच जोर असतो, त्यांच्यापासून लांब राहा. उरते ती सुमारे 87 किलोमीटर उंचीवरच्या हायड्रॉक्सिलची चमक. ती गावात काय नि डोंगरावर काय, सारखीच. तिच्यापायी पार्श्वभूमी उजळते, म्हणून एक्स्पोजर फार लांबवण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवा. ती ढीगभर चित्रं एकत्र कशी करायची, ते आता खरोखरच पुढच्या आठवड्यात.