पांढऱ्या माशीशी पंगा

गौरी-गणपतीची सुट्टी, पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी अंबाजोगाई आणि आईच्या परसबागेत वाफाळता चहा. माझा वर्षातला बेस्ट ब्रेक! पण यंदा बाप्पासाठी जास्वंद तोडायला फांदी वाकवली आणि भस्सकन पांढरा धुरळाच उडाला. पानं उलटून पाहते तर काय, तांदळाच्या कणीहून बारीक माश्यांची अख्खी कॉलनी. वरून पानं चिकट, काजळी फासल्यासारखी काळी.

हीच ती पांढरी माशी. पानातला रस पिते, गोड चिकटा सोडते आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. आमच्या बीड जिल्ह्यात शिवारभर कापूस, म्हणजे हिची चंगळच. त्यात पावसानं ओढ दिली की विचारायलाच नको. रस पिते तेवढं एक वेळ चालवून घेऊ हो, पण भेंडीचा पिवळा मोझॅकही हीच पसरवते. तो व्हायरस. एकदा झाडात शिरला की औषध नाही.

गेवराईहून आलेल्या मामानं कापसाच्या औषधाची उरलेली बाटली पुढे केली. "मार हे. उद्या एक दिसणार नाही." बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विष. मला मात्र इन्स्टंट सोल्यूशनची सवय! पंप शोधायला निघाले, तर आई कडाडली, "काय करायलीस? रातच्याला हीच भेंडी खायची ना आपल्याला?"

मग मामाच हळूच म्हणाला, "तसं रानात तीनदा मारलं, तरी माशी हायच." 2015 साली पंजाबातही हेच झालं होतं. फवारण्यांवर फवारण्या करूनही या माशीनं कापूस खाल्ला. विषानं माशीला खाणारे ढालकिडे आधी मरतात, माशी मात्र त्याला सरावते. आणि 2017 मध्ये यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन शेतकरीच दगावले. आमच्याकडे तर साधा मास्कही नव्हता.

आईचा फंडा सिंपल. जूनमध्ये वेचून वाळवलेल्या निंबोळ्यांचा गर कुटला, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम, रात्रभर भिजवला. दुसऱ्या दिवशी फडक्यानं गाळून साबणाचं थोडं पाणी घातलं आणि ऊन कलल्यावर फवारलं. पानांच्या खालून बरं का, वरून फवारून उपयोग शून्य! त्याआधी सकाळी पाइपच्या धारेनं पानं धुतली होतीच. पिवळ्या डब्याच्या झाकणांना एरंडेल फासून टांगली. पिवळ्या रंगाला ही माशी भुलते आणि चिकटते. टेन्शन एवढंच, की निंबोळीनं माशी पटकन मरत नाही. पिल्लांची वाढ थांबते, म्हणून दर आठवड्याला पुन्हा फवारायचं. ते काम आता आईकडे.

पिवळ्या शिरांची भेंडीची चार झाडं मात्र उपटावीच लागली. त्यातलं एक फुलावर होतं. त्या रात्रीची भेंडी मंडईतून आणली.