स्टेरॉइडची गोळी सुरू होते तेव्हा

सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत. मूठ मिटत नाही, सांडशीने चहाचं पातेलं उचलता येत नाही, ब्लाउजचं हुक लावायला कुणाला तरी हाक मारावी लागते. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, त्याचं निदान बहुतेकदा अशा सकाळींनंतर होतं. डॉक्टर चिठ्ठीवर दोन-तीन औषधं लिहितात. त्यातलं एक प्रेडनिसोलोन आहे असं कळलं, की घरात चर्चा सुरू होते: ‘स्टेरॉइड दिलंय? मग घेऊच नकोस.’ ही भीती निराधार नाही, पण तिचा रोख चुकतो. ठरावीक मुदतीसाठी, कमी मात्रेत घेतलेलं स्टेरॉइड हे उपयोगी औषध आहे. घात होतो तो मुदत न ठरवता घेतल्याने.

स्टेरॉइडच्या या उपचाराची गोष्ट अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधली. कावीळ झाली किंवा गर्भ राहिला, की आमवाताच्या रुग्णांचे सांधे काही काळ हलके होतात, हे डॉ. फिलिप हेंच यांनी हेरलं होतं. याचा अर्थ शरीरातच असं काहीतरी तयार होत असणार, जे हा आजार दाबतं. 21 सप्टेंबर 1948 रोजी त्यांनी एका 29 वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन दिलं. जिला हालचाल करणं मुश्कील होतं, ती आठवड्याभरात खरेदीला जाऊन आली. 1950 साली हेंच यांना केंडल आणि राइकस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध थांबवलं की आजार परत येई आणि मोठ्या मात्रा चालू ठेवल्या की चेहरा सुजे, मन बिघडे. आज आपण जी काळजी घेतो, तिचं मूळ तिथे आहे.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तिथे दाह होतो, सूज येते आणि उपचार न झाल्यास हाडं झिजू लागतात. प्रेडनिसोलोन पेशीच्या आत शिरून थेट केंद्रकापर्यंत जातं आणि दाह पेटवणाऱ्या रसायनांची निर्मितीच कमी करतं. म्हणून फरक झपाट्याने पडतो, अनेकांना एक-दोन दिवसांतच. मुख्य औषध मात्र वेगळं असतं, बहुधा मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं (रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं) आणि त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात हात चालते राहावेत म्हणून स्टेरॉइडचा पूल बांधतात. पलीकडे पोहोचलं की पूल सोडायचा. सगळ्याच तज्ज्ञांना तो हवासा वाटतो असं नाही. अमेरिकेतली 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं शक्य असेल तिथे त्याशिवायच निभवा असं सुचवतात. युरोपातले तज्ज्ञ तो मान्य करतात, पण लवकरात लवकर थांबवा म्हणतात. माझ्या मते स्वयंपाक, नोकरी, लहान मूल हे सगळं ज्यांना याच हातांनी सांभाळायचंय, त्यांना दोन-तीन महिने विनाआधार ठेवणं योग्य नाही.

मात्रा सहसा दिवसाला 5 ते 10 मिलिग्रॅम असते. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायची. आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड रोज बनवतात आणि त्याची पातळी सकाळी सर्वांत जास्त असते. सकाळची गोळी त्या लयीला धरून राहते. रात्री घेतली तर झोप उडते. उपवासाच्या दिवशीही ती रिकाम्या पोटी घेऊ नका. सोबत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल तर जठराला व्रण होण्याचा धोका वाढतो. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, वजन आणि छातीचा एक्स-रे पाहिलेला असावा. टीबी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि प्रतिकारशक्ती दबली की अंगात सुप्त असलेला टीबी डोकं वर काढू शकतो. हिपॅटायटिस बी साठीही तपासून घेतात. साखरेच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि रुग्ण निश्चिंत होतो. मधुमेह असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर जरूर तपासा. भूक वाढते, तेव्हा वजनावर लक्ष ठेवा. रक्तदाबासाठी लोणचं-पापड आवरतं घ्या. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच जास्त होते, म्हणून तीन महिने किंवा अधिक काळ गोळी चालणार असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. पाळी गेलेल्या स्त्रियांनी तर विचाराच. औषध वर्षानुवर्षं चाललं तर मोतीबिंदू, काचबिंदू, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं, हेही होऊ शकतं.

आता थांबवण्याचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम कमी करतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतल्यावर गोळी एकदम बंद केली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. कमालीचा थकवा, मळमळ, चक्कर, रक्तदाब खाली जाणं, आणि वेळीच उपचार न झाल्यास जिवाला धोका. म्हणून डॉक्टर मात्रा थोडी-थोडी उतरवतात, आणि शेवटच्या 5 मिलिग्रॅमपासून अधिकच सावकाश. उतरवताना सांधे थोडे कुरकुरले, तर स्वतःच गोळी वाढवू नका. दुखणं टिकलं तर मुख्य औषधाची मात्रा बदलायची असते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

काहीजण उलट करतात: बरं वाटलं की मेथोट्रेक्सेट सोडतात आणि आराम देणारी छोटी गोळी दुकानातून आणत राहतात. बाजारातल्या बिनलेबलच्या ‘वातावरच्या’ पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दोन दिवसांत चमत्कार दिसला तर तो संशय आधी घ्या. आणि चेहरा वाटोळा होत चालला असेल, तर पुडी एकदम फेकून न देता ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

पहिली गोळी घेण्याआधी ती किती दिवस चालणार आणि कशी उतरणार, हे चिठ्ठीवर लिहून मागा. ती चिठ्ठी पाकिटात ठेवा. ताप आला, दात काढायचा असला, शस्त्रक्रिया ठरली, तर समोरच्या डॉक्टरांना ती आधी दाखवा.