हेमंतकुमार : स्वर आणि उच्चार

पार्श्वगायकाला नेहमीच दुसऱ्याच्या मुखाने बोलावे लागते. तो परप्रांतीय असेल, तर दुसऱ्याच्या भाषेतही बोलावे लागते. हेमंत मुखोपाध्याय यांची कारकीर्द या दुहेरी परकायाप्रवेशाचे बोलके उदाहरण होय. बंगालने त्यांना मूळ नावाने ओळखले. हिंदी चित्रपटाने त्यांना हेमंतकुमार केले.

त्यांचा जन्म १६ जून १९२० रोजी वाराणसी येथे झाला. जादवपूर येथील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते संगीताकडे वळले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९३७ साली निघाली. १९५२ च्या ‘आनंदमठ’पासून ते हिंदीत संगीतदिग्दर्शक झाले आणि ‘नागिन’ने (१९५४) त्यांची कीर्ती सर्वत्र नेली. तथापि बंगाल त्यांनी सोडला नाही. रवींद्रसंगीताचे गायन आणि ‘शापमोचन’पासून (१९५५) उत्तमकुमार यांना दिलेला आवाज, या दोहोंमुळे ते बंगाली मनाचे आपलेच राहिले.

भाषाभ्यासकाला येथे एक प्रश्न पडतो. बंगालीत ‘अ’चा उच्चार ओठ गोल करून होतो, श, ष, स हे तीनही वर्ण बहुधा ‘श’सारखेच ऐकू येतात, ‘ण’ केवळ लेखनात उरला आहे आणि ‘ळ’ नाहीच. अशा उच्चारसवयी घेऊन आलेल्या गायकाला ‘जाल’ (१९५२) किंवा ‘प्यासा’मधील (१९५७) हिंदी गीते गाताना ओठांची घडणच बदलावी लागते. ते अंतर हेमंतकुमारांनी बव्हंशी ओलांडले. जो किंचित गोलावा उरला, त्याला दोष म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर एका मराठी गीतात सापडते. शांता शेळके यांचे ‘मी डोलकर’ हे गीत हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात त्यांनी लता मंगेशकर यांच्यासह गायिले. कोळी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘ल’ सहज येतो. म्हणजे प्रमाण मराठीत जे वर्ण बंगाली जिभेला अडखळविते, नेमके तेच या बोलीने आधी दूर केले होते. यावरून दिसते की, उच्चारदोष हा केवळ वक्त्याच्या ठायी नसतो. तो कोणत्या बोलीच्या मापाने मोजावयाचा, यावरही अवलंबून असतो.

२६ सप्टेंबर १९८९ रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाच्या चर्चेत आवाजाच्या माधुर्याचा उल्लेख नेहमी होतो. त्यामागील उच्चारसाधनेचा अभ्यासही व्हावयास हवा.